माणूस-दिवस

महापेला सातव्या मजल्यावर, जिथून
पारसिकचा पोखरलेला डोंगर अर्धा खराखुरा दिसतो
आणि अर्धा समोरच्या इमारतीच्या काचेत,
मी माणसांचे दिवस करते.

एकक सोपं आहे. एक माणूस, आठ तास.
असे अकराशे चाळीस माणूस-दिवस जोडले
की पाणी शुद्ध करणारं एक केंद्र उभं राहतं,
निदान पत्रकात.

तरन्नुम काझी, आराखडे, शंभर टक्के.
सोनटक्के, आडनाव काहीही म्हणो, नव्वद टक्के.
मढवी, वेल्डिंग, तळोज्याचं वर्कशॉप,
शंभर, आणि फेब्रुवारीत एकशे दहा.
चौकोन तांबडा होतो. तेवढंच त्याला येतं.

जोखमींच्या यादीत सतरा ओळी आहेत.
व्हॉल्व्ह बंदरात अडकणं : शक्यता मध्यम, परिणाम मोठा.
पोलादाचा भाव. रंग वाळताना हवेतला दमटपणा.
प्रत्येक जोखमीला एक मालक नेमलाय,
जणू व्हॉल्व्ह अडकला तर तो जाऊन सोडवणार आहे.

अठरावी ओळ मी तीनदा लिहिली, तीनदा खोडली :
मढवीच्या वडिलांचं डायलिसिस,
मंगळवार-शुक्रवार, नेरूळ.
शक्यता?
जे नक्की घडणार त्याला जोखीम म्हणत नाहीत,
असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.
मग काय म्हणतात, ते विचारायच्या आत
चहा आला होता.

म्हणून काम क्रमांक दोनशे बारा :
सांध्यांची फेरतपासणी, चार दिवस.
असं काम नाही. म्हणजे आहे,
पण ते दोनशे अकरामध्येच होऊन जातं.

बैठकीत रामनाथन साहेबांचं बोट
पडद्यावरून घसरत बरोब्बर तिथेच थांबलं.
हे चार दिवस कशाचे?
सांध्यांचे, मी म्हटलं,
आणि ते खोटंही नव्हतं.
दोन करा, ते म्हणाले.
मला दोनच हवे होते.
वाशीच्या मार्केटात कांद्याचा भाव सांगणाऱ्यालाही
समोरचा किती पाडणार ते ठाऊक असतं.
फक्त तो त्याला अंदाज म्हणत नाही.

पुढचं मात्र कुठल्याच ओळीत नव्हतं.
व्हॉल्व्ह वेळेवर आले. पोलाद उतरलं. हवा कोरडी राहिली.
आणि एका सोमवारी सोनटक्के,
सहा वर्षांत ज्याचा चौकोन कधी तांबडा झाला नाही,
ज्याला मी प्रत्येक आवृत्तीत
न बघता खाली ओढत नेलं होतं,
राजीनामा ठेवून गेला.
खुर्चीच्या पाठीला त्याचा राखाडी स्वेटर तसाच. ड्रॉवरमध्ये
पंपांच्या आवाजाच्या नोंदी, पेन्सिलीतल्या,
कोणता पंप बिघडण्याआधी कसा कण्हतो, त्याच्या.
त्या वाचता येणारा एकच माणूस होता,
आणि तो नव्वद टक्के होता.
उरलेले दहा कुठे जात होते, मी विचारलं नव्हतं.

सोळा तारखेला मढवीचा फोन.
मागे ग्राइंडरचा आवाज, म्हणून ओरडून :
ताई, सांधं झालं सगलं.
रात्री बसून केलं. तुमचं दोन दिस उरलं ना,
कुनाला तरी द्या.

मी त्याला दोनशे बाराबद्दल कधी बोलले नव्हते.
त्यानं कधी वडिलांबद्दल सांगितलं नव्हतं,
मला ते सुरक्षारक्षकाकडून कळलेलं.

ते दोन दिवस मी उचलून
सोनटक्केच्या कामाच्या हस्तांतरणात टाकले.
सहा वर्षं ऐकलेले पंप
तरन्नुमनं दोन दिवसांत शिकायचे.
पत्रकानं कुरकुर केली नाही. बेरीज
अकराशे चाळीसच.

आवृत्ती आठवी. जतन करायची का, संगणक विचारतो.
मढवीच्या रात्री कोणत्या चौकोनात भरायच्या
ते बघत मी बसलेय.
माणूस-रात्र असं एकक नाही.
खाली गाडीवाला हॉर्न देतोय, शेवटची फेरी आहे,
आणि समोरच्या काचेतला डोंगर
दिवे लागल्यावर आधी जातो. खरा थोडा नंतर.